पाखऱ्याचं आवतन

किसनबुवा दवाखान्यात आले की बैलाला कडुलिंबाच्या सावलीत उभं करायचे आणि स्वतः उन्हात थांबायचे. सावली दोघांना पुरेल एवढी होती. मी एकदा म्हटलं, "बुवा, इकडं सरका की जरा." तर म्हणाले, "बिमार तो हाये का मी?" पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा वाशीमजवळच्या मालेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो. जनावर दाबून धरायचं, जखमा धुवायच्या आणि डॉक्टरांची बोलणी खायची, ही माझी नोकरी.

बुवांचा भाजीचा मळा मेडशीच्या वाटेवर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि वांग्यांचा छकडा ओढणारा पाखऱ्या. बाजारात हा माणूस गिऱ्हाइकालाच सांगायचा, "हे नोको घेऊ बाई, आतून किडकं हाये." लोक हसायचे. बुवांना त्याचं काही नव्हतं. "मुक्या जनावराले देल्ला शब्द मोडला, त मानसाले देल्ला काय टिकते?" हे त्यांचं पालुपद. पुढं तेच त्यांच्यावर उलटणार आहे, हे मला तरी कुठं माहीत होतं!

त्या वर्षी श्रावण सरता सरता पाखऱ्याचं उजवं शिंग लोंबायला लागलं. मुळाशी घाण वास. आमचे डॉक्टर साताऱ्याकडचे. हात सोन्याचा, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी शिंग ठोकून पाहिलं. "कॅन्सर आहे. मुळापासून कापावं लागेल. परवा सकाळी आणा. उद्या दिवसभर चारा नाही, पाणी नाही. भरल्या पोटी जनावर पाडलं तर पोट फुगतं, खाल्लेलं उलटून श्वासनळीत जातं आणि खेळ खलास. कळलं?"

"शब्द देतो, सायेब."

आणि उद्या पोळा होता! डॉक्टरांच्या मुलखात बैलांचा सण आषाढातच उरकतो, त्यांना आमच्या पोळ्याची काय कल्पना. मला होती. त्याच संध्याकाळी घरोघर बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून लोक म्हणणार होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." असं जेवायला बोलावलेलं जनावर दुसऱ्या दिवशी उपाशी कोण ठेवील? हे मी बोलायला हवं होतं. पण सकाळीच एक शिवी खाल्ली होती, दुसरी नको होती. जळली मेली ती भीती.

ठरल्या दिवशी बुवा आले. पाखऱ्याच्या चांगल्या शिंगाला अजून बेगड होती, गळ्यात सुकलेली माळ.

"उपाशी आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"काडी नाही देल्ली, सायेब."

मी तोंडाला दोर बांधायला वाकलो. ओठाच्या कोपऱ्यात पुरण चिकटलं होतं. मी ते फडक्यानं पुसलं आणि दोर आवळला.

बैल पाडला, भूल दिली, करवत चालू झाली. अर्धं शिंग कापलं असेल नसेल, तोच पाखऱ्याचं पोट टम्म फुगलं. "दोर सोड! उठव त्याला!" डॉक्टर ओरडले. गाठ सुटेपर्यंत नाकातोंडातून पिवळा फेस आला. बुवा पाय धरून बसले होते. "उठ रे बाप्पा, उठ," एवढंच म्हणत होते. पाखऱ्या उठला नाही.

डॉक्टरांना बैल फाडून पाहायचा होता. बुवांनी हात लावू दिला नाही, मळ्यात नेऊन पुरला. बुवांनी डॉक्टरांवर दावा लावला, महिन्याभरात वाशीमच्या कोर्टाचा कागद आला. बुवा मला म्हणाले, "झोपवला त्याईनं, मंग उठवाले काहून नाही? भूल जास्त देल्ली." डॉक्टरांची वरून चौकशी लागली. बुवांची शपथ खरी ठरली असती तर त्यांची नोकरी गेलीच होती. डॉक्टर ओरडणारा माणूस, पण त्या दिवसांत मला साधं 'अरे' म्हणाला नाही. मला त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटायची.

कोर्टात बुवा हात जोडून म्हणाले, "काडी नाही, पानी नाही." असा माणूस खोटं बोलेल, हे कुणालाच पटेना. मग मला उभं केलं.

डॉक्टरांच्या वकिलानं विचारलं, "बैल मेला तेव्हा नाकातोंडातून काय आलं?"

मी बुवांकडं पाहिलं. त्यांनीच मान डोलावली. "सांग भाऊ. खरं हाये थे सांग."

"पुरण," मी म्हणालो.

बुवा गोंधळले. "पुरन? थो त निवद होता! आवतन देल्लं होतं मी त्याले. ज्याच्या दारी गेलो, त्यानं पोयी चारली. निवद कोनी खान्यात धरते का, सायेब?"

कोर्टात कुणी हसलं नाही. बुवा हळूहळू आपल्याच हाताकडं पाहायला लागले.

"म्हंजे... म्याच मारला," ते म्हणाले.

दावा निकालात निघाला, डॉक्टर बदलून गेले. त्या दिवशी वाशीमच्या एसटी स्टँडवर बुवांनी मला हाताला धरून झाडाच्या सावलीत उभं केलं आणि स्वतः उन्हात थांबले. "खरं बोलला भाऊ तू. लय बरं केलं."

वकिलानं मला बैल मेला तेव्हाचं विचारलं होतं. पाडायच्या आधी काय दिसलं, हे कुणीच विचारलं नाही. बुवांच्या शब्दावर मी विसंबलो होतो, आणि मीही इथलाच, निवद खाण्यात न धरणारा. ओठावरचं पुरण पाहून माझ्याही मनात आलं नव्हतं की याच्या पोटात काही आहे. पोराचं तोंड पुसावं तसं पुसलं. हे बुवांना स्टँडवरच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं, पण एसटी लागली आणि मी चढलो.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बुवांनी रिकाम्या खुंट्याला तूप-हळद चोळून आवतन दिलं, असं शेजारी सांगतात. दुसऱ्या दिवशी स्वतः पाणीही घेतलं नाही. मग जेवण तुटतच गेलं. दिवाळीच्या आधी गेले. गाव म्हणालं, बैलाचं पाप भोवलं. त्यातलं अर्धं माझं होतं. ते फडक्यानं पुसून मी नोकरी पुरी केली.