छापून आणलेला आधार

"ही ओळ तुझी आहे, गुलशन."

"केशोरावची हाय. खाली नाव वाचा ना, दीदी."

"नाव वाचलं. ओळ तुझी आहे."

"तुमाले का सपनात येते माही ओळ?"

"सपनात कायले? मागच्या महिन्यात मीच तुझ्या लेखातून खोडली होती ती!"

दुर्गेश्वरी बिसेनने मंडईची, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेची, स्मरणिका टेबलावर आपटली, तशी खाली पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांची कुजबुज थांबली. गोंदियाच्या स्टेशनामागच्या या वाचनालयाची माडी रविवारी तिची असे. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात ज्यांना पहिल्यांदा काही लिहायचं असतं, ते तिच्याकडे येत. कुणी गावच्या तलावावर लिहिलेलं असे, कुणी देवीच्या जत्रेवर. तिकडचे तपासनीस लेख धडाधड परत पाठवत आणि ही ते सरळ करून पुन्हा पाठवी.

आठवडाभर ती राईस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसे. तिथे पोत्यात टोकदार परखी खुपसून तांदळाचा नमुना काढतात. वरचा तांदूळ दाखवायचा असतो, पोटातला खरा असतो, हे तिने तिथेच पाहिलं होतं. लेखही ती तसाच वाची. सुरुवात सोडून द्यायची आणि मधलाच एखादा संदर्भ उपसायचा. पोरं तिला मागे शंकेश्वरी म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

शंका उगाच नव्हती. एका मास्तराने तिच्या हातून लेख पाठवला, त्यात जगात कुठेच नसलेल्या पुस्तकाचा आधार दिला, आणि तो पकडला गेला. तेव्हापासून गोंदियाचा मसुदा म्हटला की तपासनीस नाक मुरडत. नव्या लोकांचे लेख महिनोन्‌महिने पडून राहत. तिने शब्द टाकला तरच एखादा पुढे सरके. आणखी एक खोटा निघाला, तर तिच्या शब्दाला कोण विचारणार होतं?

आणि आज समोर गुलशन उईके, नागझिऱ्याचा गाईड. वाघाचं पाऊल कालचं की आजचं ते सांगणारा पोरगा, पण त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर कशाचा माग लागू नये. त्याचा लेख आज्यावर, झाडू उईकेवर होता. बाया रंगमंचावर येत नसत त्या काळी गावच्या दंडारीत, म्हणजे मंडईला होणाऱ्या लोकनाट्यात, हा झाडू लुगडं नेसून राणी व्हायचा. लेख परत आला होता, कारण आधार काय, तर नातवाचं सांगणं.

"तुमीच म्हणाल्या," गुलशन पुढे झुकला, "घरच्याचं नाही चालत, बाहेरच्याचं छापील पाहिजे. आणलं छापील!"

"छापील असलेलं आण म्हटलं होतं. तू छापून घेऊन आलास!"

"मंग त्यात का फरक पडला?"

तो हे इतक्या निष्पापपणे म्हणाला की तिला जास्तच संशय आला.

"मजकूर तूच लिहून दिलास ना?"

"हो, दिला. मंडईच्या अध्यक्षाचं, केशोरावचं, नाव टाकलं. लग्नाची पत्रिका नाही का, लिहिते पुतण्या अन्‌ नाव पडते मोठ्या बाबाचं. तिले कोणी खोटी म्हणते का?"

"पत्रिकेवर कोणी इतिहास नाही लिहीत, बाबू!"

"मंग इतिहास लिवाचा कोनं? ज्याहीनं दंडार पाह्यली त्याहीले लिहिता येत नव्हतं. ज्याहीले येत होतं, ते आलेच नाही पाहाले." त्याचा आवाज उतरला. "आजा खाटेवर हाय, दीदी. रोज विचारते, मोबाइलात आलं का माहं नाव? का सांगू मी त्याले?"

दुर्गेश्वरीने स्मरणिका पुन्हा उघडली. 'राणीने पदर सावरला की समोरच्या बायाही आपापला पदर सावरत.' ओळ गोड होती. गोड होती म्हणूनच तिने ती खोडली होती. 'हे कौतुक आहे, माहिती नाही,' असं बाजूला लिहिलंही होतं.

"केशोरावांनी हे वाचलं तरी का?"

"अध्यक्ष माणूस वाचते कुठं? सही करते."

"नंबर सांग त्यांचा."

"कायले?"

"त्यांनी स्वतः पाहिलं असेल, तर त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊ. पेपरात पाठवू. पेपराने छापलं, तर तुझा लेख मी स्वतः पुढे रेटीन."

गुलशनने नंबर सांगितला, पण सांगताना नजर खिडकीबाहेर. तिने फोन स्पीकरवर ठेवला.

"हाव, हाव, झाडू उईके!" केशोराव खूश झाले. "का पाह्यलं नाही! पहिल्या रांगेत बसून पाह्यलं. ढोलक तं असा वाजवे का छाती हाले!"

"ढोलक? आणि राणी?"

"राणी बिसराम होये ना! काय पदर सावरे, बाई! बाया पाहत राहत. मेला बिचारा, मागं कोणी नाही त्याच्या. झाडू तं जलमभर ढोलकावरच."

"पण स्मरणिकेत तर..."

"का छापलं त्यात? मी तं वाचलंच नाही."

तिने फोन बंद केला. खाली पंखा कुरकुरत होता. इतका वेळ ती कागदावर संशय घेत बसली होती, परखी भलत्याच पोत्यात खुपसून.

"गुलशन," तिने हळूच विचारलं, "हे आज्यानं सांगितलं तुला, का तू आज्यासाठी रचलंस?"

गुलशनने टेबलावरची स्मरणिका उचलली. तिचा मुडपलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला, ती शर्टाच्या आत खोचली आणि जिना उतरून गेला.