आकडेमावशीचे बारा सतरा

मुलींच्या शाळेपासून चार दुकानं सोडून एक अरुंद खोली आहे. आत एक शिवणयंत्र, एक इस्त्रीचं टेबल आणि एक स्टूल. यंत्रावर बसणाऱ्या बाईला सगळे आकडेमावशी म्हणतात, कारण बावीस वर्षं ती खेळाडूंच्या जर्सीवर आकडे शिवते. पांढऱ्या कापडाचे इंग्रजी आकडे कातरायचे, पाठीवर बेतायचे आणि कडेनं दुहेरी टीप मारायची. जर्सी विरेल, पण मावशीचा आकडा जागचा हलायचा नाही.

एवढ्या वर्षांत तिनं एकही सामना पाहिला नव्हता. आकडे असतात ते धुवायच्या ढिगात आपली जर्सी ओळखू यावी म्हणून, अशी तिची पक्की समजूत. तिला कुणी विचारलं नाही, तिनं कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी बातमी आली. देशाचा लाडका फुटबॉलपटू, ज्याला लहानथोर सगळे पाठीवरच्या सतरा आकड्यानं ओळखायचे, तो सामना संपवून घरी परतत होता. वाटेत हेलिकॉप्टर कोसळलं आणि तो गेला. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून टीव्हीकडे बघत राहिला. औषधवाल्यानं दारात मेणबत्त्या लावल्या. दुपारपर्यंत तर त्याला भेटला नव्हता असा माणूसच रस्त्यावर उरला नाही.

"मी त्याचे केस कापलेत," न्हावी डोळे पुसत म्हणाला.

"कधी रे?" मावशीच्या नवऱ्यानं स्टुलावरून विचारलं. हे निवृत्त बसड्रायव्हर, दिवसभर दुकानात बसून इस्त्री करायचे.

"लहान असताना."

"कोण लहान? तो की तू?"

"अहो, गप्प बसा," मावशी म्हणाली. तिनं यंत्र थांबवून हात जोडले. "देवा, त्याच्या घरच्यांना बळ दे." त्याचा खेळ तिनं पाहिला नव्हता, पण त्याचा आकडा शेकड्यानं शिवला होता. घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं तिला.

शनिवारी चार वाजता शाळेच्या मुलींचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. अकरा नव्या जर्सी टेबलावर पडल्या होत्या. वर खेळाच्या सरांची यादी टाचलेली, एक ते अकरा. मंगळवारी संघाची कर्णधार हळूच आत आली.

"मावशी, माझ्या पाठीवर सतरा शिवा ना. पण कुणाला सांगू नका हं."

"माझ्या तोंडून शब्द जायचा नाही."

बुधवारी गोलकीपर आली. मग एकेक करत बाकीच्या. एक रडली, एक गळ्यात पडली, एकीनं तर मावशीचे पायच धरले. सगळ्यांना तोच आकडा हवा, आणि सगळ्यांचं ते गुपित. मावशीच्यानं कुणालाच नाही म्हणवेना. धुताना घोळ नको म्हणून तिनं प्रत्येक जर्सीला आतून वेगळ्या रंगाचा दोरा तेवढा टाचला. शुक्रवारी नवराही जुना सदरा घेऊन लाजत उभा राहिला.

"माझ्याही पाठीवर."

"या वयात?"

"दुःख काय वय विचारून होतं का?"

झाले एकूण बारा सतरा.

शनिवारी दुपारी बाराला सर गठ्ठा न्यायला आले. एक जर्सी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरीला त्यांचे हात थांबले.

"मावशी, हे काय? सगळ्यांना सतरा?"

"पोरींनीच मागितला हो."

"अहो, एका आकड्याच्या दोघी असल्या तरी पंच मैदानात पाय ठेवू देत नाही. इथं अकरा! न खेळताच हरलो आपण!"

"एवढं काय त्यात? धुताना ओळखू याव्यात म्हणून दोरे टाचलेत मी."

"धुताना?" सर मटकन स्टुलावर बसले.

गोल कुणी मारला, धक्का कुणी दिला, हे पंचाला लांबून कसं कळतं ते त्यांनी सांगितलं, तशी मावशी पांढरीफटक पडली. पोरी वर्षभर घाम गाळत होत्या आणि आपण त्यांना मैदानाबाहेर बसवायला निघालो. नवे आकडे कातरावेत तर पांढरं कापड संपलेलं. आणायला जावं तर कापडवाले दुकानं बंद करून शोकसभेला गेलेले.

सरांनी पोरींना बोलावलं. जर्सी बघून त्या एकमेकींवरच तुटून पडल्या.

"तूसुद्धा? तुला तर तो आवडायचा नाही!"

"मावशी, कुणाला सांगणार नाही म्हणाला होतात!"

"मग सांगितलं का मी कुणाला?"

तोवर मावशीनं ब्लेडनं एक सतरा उसवला होता. टेबलावर एकाचा उभा दांडा ठेवला. साताची टोपी कापून वेगळी केली, राहिला तिरका पाय. ते तीन तुकडे इकडे सरकव, तिकडे सरकव करता करता तिचा हात थबकला. समोर चक्क चार तयार झाला होता.

"सर, एक, सात आणि चार, एवढ्यात भागवा."

सरांनी कागदावर मांडामांड केली. एक, चार, सात, अकरा, चौदा, एकेचाळीस... सतरा धरून बरोब्बर अकरा आकडे जमले. पण तुकडे एका सतराइतके कमी पडत होते. सगळ्यांच्या माना नवऱ्याकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" म्हणत त्यांनी सदरा काढून दिला आणि बनियनवरच इस्त्रीला उभे राहिले.

पोरी उसवत होत्या, मावशी टीप मारत होती. आता सतरा कुणाला, यावर उलटंच सुरू झालं. "तू घे." "नको, तूच घे." तीन वाजले तशी मावशी कडाडली, "ज्याच्यासाठी चाललंय तो असता तर एव्हाना मैदानात पोचला असता!" आणि समोर उभ्या असलेल्या गोलकीपरच्या अंगावर तिनं ती जर्सी फेकली.

मैदानावर एक मिनिट सगळे स्तब्ध उभे राहिले. मग पंचानं एकेक पाठ तपासली. "चौऱ्याहत्तर... सत्याहत्तर... अहो सर, हा संघ आहे की मतदार यादी?" मावशी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. "पण सारखा एकही नाही. चला, आत!"

पोरी धावत सुटल्या. मावशी तिथंच गवतावर बसली. पाच मिनिटांत सत्तेचाळीस आकडेवालीला कुणी तरी पाडलं, तेव्हा मात्र ती ताडकन उठली आणि पंचाला असं काही सुनावलं, की नवऱ्यानं पदर ओढून तिला खाली बसवलं.