मयताचं मतदान

बोटाला मतदानाची शाई लागली की मला अजूनही उंबऱ्यावर सांडलेलं मीठ दिसतं. नोकरीत मी शेकड्यांनी गुन्हे तपासले, पण ही एक केस कुणाला पुरती सांगितली नाही. आज सांगतो. नावं घेणार नाही.

मी थेट साहेब म्हणून भरती झालो नाही. आई पडघ्याच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या टोपलीशेजारी बसून मी भाव करायला शिकलो. शिपाई म्हणून खात्यात लागलो आणि परीक्षा देऊन फौजदार झालो. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कोणत्या शब्दाशी गप्प होतो, हे मला पटकन कळायचं. डोकंही पटकन तापायचं. या केसमध्ये दोन्ही गोष्टी कामी आल्या, आणि दोन्ही नडल्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी भिवंडी तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. विधानसभेची निवडणूक लागली होती. खाडीकाठच्या गावांचा एक उमेदवार होता, त्याला सगळे भाऊ म्हणत. रेतीच्या बोटींवरचा मुकादम, मग सरपंच, मग पंचायत समितीचा सभापती, अशी त्याची चढण. आधीची विधानसभा तो थोडक्यात हरला होता, आणि ती हार त्याच्या पोटात सलत होती. म्हणून या खेपेला त्याने बोटीवाल्यांना गावदेवीच्या देवळात बसवून मीठ सोडायला लावलं. आमच्या भागात ही शेवटची शपथ. तांब्यात खाडीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकाने चिमूटभर मीठ सोडायचं आणि म्हणायचं: भाऊ उभा राहील तोवर मत भाऊला, नाही दिलं तर माझा वंश या मिठासारखा विरघळो.

मतदानाला दोन आठवडे असताना खाडीच्या बांधावर दोन कार्यकर्त्यांत मारामारी झाली. एक भाऊचा, दुसरा विरोधी उमेदवाराचा. विरोधी बाजूच्याने वल्हं उचलून भाऊच्या माणसाच्या डोक्यात घातलं. तो पाण्यात पडला आणि वर आला नाही. आठवड्याने रेतीवाल्यांना कशेळीच्या अंगाला एक देह सापडला. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. कमरेला चांदीचा करगोटा होता. बायकोने करगोटा ओळखला आणि मी इन्क्वेस्ट पंचनाम्यात नाव लिहिलं. तेव्हापासून तो माणूस माझ्यासाठी मयत झाला. इथेही त्याला मी मयतच म्हणतो.

आरोपी पळाला नाही. त्याच्यावर मला हातसुद्धा उचलावा लागला नाही. म्हणाला, "मीच मारला, साहेब. मारायचा न्हवता, पन मेला." वल्हं त्यानेच काढून दिलं. बांधावरचे साक्षीदार होते. दोषारोपपत्र गेलं आणि पुढे जन्मठेप लागली. त्याची आई दर गुरुवारी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. काही मागायची नाही, फक्त बसायची. मला तिचा राग यायचा.

त्याच बंदोबस्ताच्या धामधुमीत एक मागावरचा कामगार ठाण्यात आला होता. उत्तरेकडचा, अंगावर कापसाचे तंतू. त्याचा खोलीतला जोडीदार चार दिवस शिफ्टला आला नव्हता, त्याची तक्रार द्यायची होती. टेबलावर मतदान केंद्रांचे नकाशे पसरलेले, फोन वाजत होता. मी ओरडलो, "इलेक्शन के बाद आना." तो गेला. त्या दिवशी अशा वीस जणांना मी घालवलं असेल.

भाऊ निवडून आला. मयताचा हार घातलेला फोटो त्याच्या प्रत्येक जीपवर होता. पुढच्या निवडणुकीतही प्रचाराचा पहिला नारळ मयताच्या स्मारकाच्या चौथऱ्यावर फुटला, आणि भाऊ पुन्हा आमदार झाला. मंत्रालयात त्याचा शब्द चालू लागला. मी तोवर बदल्यांवर फिरत होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी इन्स्पेक्टर होऊन त्याच ठाण्यात परत आलो. पहिल्याच गुरुवारी आरोपीची आई पायरीवर दिसली. पाठ वाकली होती, पण जागा तीच. मी हवालदाराला विचारलं, ही अजून येते? तो म्हणाला, एकही गुरुवार चुकवला नाही. मुलगा सुटल्याचं पाहून मरायचं एवढंच तिचं म्हणणं होतं.

भाऊ तिसऱ्यांदा आमदारकी मागत होता. मतदान शांततेत झालं. दुसऱ्या दिवशी एक प्राथमिक शिक्षक मला भेटायला आले. खाडीकाठच्या एका गावात, शाळेतल्या केंद्रावर त्यांना मतदान अधिकाऱ्याची ड्युटी होती. तक्रार द्यायची नाही म्हणाले, फक्त सांगायचं आहे.

दुपारी दोनचं ऊन. केंद्रावर रांग नव्हती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस आत आला आणि त्याबरोबर खोलीतलं बोलणं थांबलं. दाराशी उभ्या असलेल्या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सकाळपासून प्रत्येक मतदाराच्या नावावर हुज्जत घालणारा विरोधी पोलिंग एजंट खाली जमिनीकडे बघत बसला. माणसाने नाव सांगितलं, अंगठा दिला, बोटाला शाई लावून घेतली, शिक्का मारून मत पेटीत टाकलं आणि गेला. मग एका म्हातारीने कनवटीची पुडी सोडली आणि उंबऱ्यावर मीठ टाकलं. गुरुजींना वाटलं, कुणी मोठा आजारी माणूस असेल. नंतर त्यांनी एजंटला विचारलं.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, गुरुजी, त्याचा नाव यादीतनं काटू नका. तो येनारच. त्याचा मीठ सोडलेला हाय."

गुरुजींनी मग नाव सांगितलं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ते नाव माझ्या अक्षरात एका इन्क्वेस्ट पंचनाम्यावर होतं.

मी गावात गेलो आणि जबाब घ्यायला बसलो. कुणी काही लपवलं नाही, हेच जास्त भयंकर होतं. सगळ्यांनी तिन्ही निवडणुकांना त्याला पाहिलं होतं. पहिल्या खेपेला तर मतदान त्याच्या तेराव्यालाच आलं होतं. मी एजंटवर खेकसलो: मेलेला माणूस मत देतो आणि तू हरकत घेत नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "जित्या मानसावर हरकत घेतात, साहेब. बुडालेला वचनाला येतो, त्याला अडवला तर तो अडवनाऱ्याच्या घरी राहतो." विरोधी पक्षाचा माणूस हा. एका मताने त्याचा काही फायदा होणार होता, तोही त्याने सोडून दिला होता. यादी सुधारायला आलेल्या कारकुनालाही गावाने नाव कापू दिलं नव्हतं.

मी भुतंखेतं मानत नाही. पण त्या दिवशी बांधावरून परत येताना मी पाण्याकडे पाहिलं नाही, हे खरं.

मयताच्या बायकोने मला दारातच उभं केलं. मतदानाच्या दिवशी ती भाताचं ताट बांधावर ठेवते, एवढं ती बोलली. ताट तिने आतून आणून दाखवलं. मी विचारलं, कावळे खातात? ती म्हणाली, "तोच खातो. खाऊन ताट राखेने घासतो आन पालथा घालून ठेवतो." मग म्हणाली, "जित्ता व्हता तवा कधी खरकटा ताट उचलला न्हाय. मेल्यावर शिकला."

तिथे माझी भीती गेली. ताट घासून पालथं घालायची सवय बुडून लागत नाही. ती बिशीत लागते. बिशी म्हणजे मागावरच्या कामगारांची खानावळ. तिथे जेवणारा प्रत्येक जण आपलं ताट घासून पालथं ठेवतो, नाहीतर बिशीवाला दुसऱ्या दिवशी वाढत नाही.

मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवरचा अंगठा मिळवायचा तर सीलबंद पाकिटासाठी कोर्टाची परवानगी, म्हणजे महिने. मी दुसरा हिशेब केला. बिशीत जेवणारे बहुतेक परमुलखातले. त्यांची नावं इथल्या यादीत नसतात. शाई मात्र नखावर आठवडे राहते. चार साध्या कपड्यातले शिपाई घेऊन मी शहरातल्या बिश्या दुपारच्या जेवणाच्या वेळी पालथ्या घातल्या. कुणाला नाव विचारायचं नाही, फक्त डाव्या हाताची बोटं बघायची. सहाव्या दिवशी, गावापासून एका तासाच्या पायी अंतरावर, एका बिशीत चाळीस जण पंगतीला बसले होते. चाळिसातल्या एकाच्याच बोटावर शाई होती.

"बाहर का आदमी हूँ, साहब," तो म्हणाला. हिंदी पक्की झाली होती.

"बाहेरच्या माणसाच्या बोटाला आमची शाई कशी?"

त्याने वरण-भाताचा घास संपवला, ताट घासलं, पालथं घातलं आणि माझ्यापुढे चालू लागला. दहा वर्षांपूर्वी मी ज्याचा पंचनामा केला तो मयत जीपमध्ये माझ्याशेजारी बसला होता आणि त्याच्या अंगाला मागाच्या तेलाचा वास येत होता.

ठाण्यात त्याला मी मारलं नाही. सौदा केला: सगळं सांग, मी तुला बायकोच्या दारात नेतो. त्याने सांगितलं. वल्हं लागून तो पडला, पण पाण्याखालून पोहत पलीकडे निघाला आणि भाऊच्या माणसाकडे गेला. त्या माणसाने त्याला मतदान होईपर्यंत लपायला सांगितलं आणि घरी खुशाली कळवतो म्हणून करगोटा काढून घेतला. मग देह सापडल्याची बातमी आली. आता परत आलास तर भाऊही बुडेल आणि तूही, असा निरोप मिळाला. पण मीठ सोडलेलं होतं, मुलं लहान होती. तो मत द्यायला गेलाच.

"वाटला, कोनतरी हाक मारील," तो म्हणाला. "मी शाळेत गेलो, मत दिला, बाहेर आलो. कोन बोललाच न्हाय. तवा समजलो, मी खरंच मेलो."

मी विचारलं, तुझ्या नावाने एक माणूस आत सडतोय, ठाऊक होतं?

"ठावं व्हता. पन त्याच्यासाठी मी मीठ न्हवता सोडला."

करगोटा काढून घेणारा भाऊचा माणूस मधल्या काळात मेला होता. धागा तिथे तुटत होता, पण त्याचं दुसरं टोक कुठे बांधलंय हे मला कळत होतं. भाऊलाही कळत होतं. निकालानंतर, तिसरा विजय गळ्यात घालून, तो दिवसाढवळ्या माझ्या केबिनमध्ये आला. पेढे आणले होते.

"साहेब, मानूस जित्ता मिलाला, आनंद हाय. आता त्या करगोट्याचा काय घेऊन बसलात?"

मी भाव सांगितला. आरोपीच्या सुटकेची फाईल मंत्रालयात अडता कामा नये, त्याची आई जिवंत असेतो तो बाहेर आला पाहिजे. आणि माझी उपअधीक्षकाची बढती, जी तीनदा डावलली गेली होती. भाऊ हसला. म्हणाला, तुम्ही लई स्वस्तात देताय. मी तपासाचा अहवाल लिहिला: 'ओळख पटवण्यात सद्भावनेने चूक झाली.' करगोट्याचा पुढचा तपास मी बंद केला.

आरोपी काही महिन्यांत सुटला. माझी बढती आली नाही. आला तो बदलीचा हुकूम, विदर्भातल्या एका प्रशिक्षण केंद्रावर. निवृत्तीपर्यंत मी तिथे पोरांना पंचनामा शिकवला. भाऊ पुढची निवडणूकही जिंकला. या सौद्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जाणारही नाही. मयत घरी गेला, पण गावाने त्याला जिवंत मानलं नाही. बायको त्याला ताट अजून बाहेरच वाढते असं ऐकलं.

बदलीचा चार्ज द्यायच्या आधीच्या गुरुवारी पायरीवर दोघं आली, म्हातारी आणि तिचा सुटलेला मुलगा. मला वाटलं, आभार मानायला आला. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. केस पांढरे झाले होते.

"साहेब, एक विचारू? धा वर्सं मी रोज सकाळी त्याची माफी मागितली. तो तर इथंच जेवत व्हता. मग माझी माफी गेली कुनाला?"

त्या देहाचा विचार मी तोवर केला नव्हता. कमरेला दुसऱ्याचा करगोटा बांधून जो खाडीतून वर आला, ज्याच्यावर दुसऱ्याच्या नावाने दुसऱ्याच्या बायकोने रडून घेतलं, तो कोण? पाण्यात पडला होता की टाकला होता? हे ज्या एका धाग्याने कळलं असतं, तो मी पेढ्याच्या पुड्यासमोर बसून विकला होता.

ते गेल्यावर मी त्या वर्षाचं मिसिंग रजिस्टर मागवलं. त्या पंधरवड्याचं पान कोरं होतं. कोरं का होतं तेही आठवलं. अंगावर कापसाचे तंतू घेतलेला एक माणूस, आणि माझा आवाज.

या केसने मला शिकवलं ते एवढंच: भाव करताना समोर बसलेल्याचं तोंड आपण बघतो, पण माल कुणाचा आहे ते विचारत नाही. मी जे दिलं ते माझं नव्हतं.

चार्ज देण्याआधी चार दिवस मी स्वतः मागांच्या गल्ल्या फिरलो. दहा वर्षांपूर्वी कुणाचा जोडीदार हरवला होता का, विचारत. कामगार बदलले होते, कुणाला काही ठाऊक नव्हतं. तक्रार घेऊन आलेला तो कामगार परत का आला नाही, हे मला कळतं. इलेक्शन संपल्यावर ये असं मी सांगितलं होतं, आणि आमच्या भागात इलेक्शन संपलेलं त्याला कधी दिसलंच नसेल.