पुढच्या खोलीतलं ‘आत ये’

नेस्टा प्रॉसर भित्री आहे असं कुणी म्हटलं असतं, तर आमच्या गल्लीनं त्यालाच वेड्यात काढलं असतं. उभं आयुष्य तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं. हातात डाव घेऊन ती उभी राहिली की मुख्याध्यापकसुद्धा मुकाट रांगेत उभे राहायचे. डोंगरावरची मेंढरं कचऱ्याचे डबे उलथायला गल्लीत उतरतात, तेव्हा आम्ही खिडकीतून हाड्‌हाड् करतो. नेस्टा सरळ बाहेर येऊन एडक्याला शिंगाला धरते.

एकाच गोष्टीला ती घाबरायची. तिच्या आईचं शेवटी डोकं फिरलं होतं. नेस्टा समोर बसून चमच्यानं भरवायची आणि आई तिलाच विचारायची, “बाई, आमची नेस्टा शाळेतून आली का हो?” मग आईला डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथून परतताना बसमध्ये नेस्टा मला म्हणाली होती, “रोन, माझं असं व्हायला लागलं तर कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की घर गेलं.” मी हो म्हटलं. तेव्हा आम्ही तरण्या होतो, हो म्हणायला काय जातं!

मी रोन्वेन. तिच्या समोरच्या घरात राहते आणि आमच्या खोऱ्यातल्या पुरुषांच्या गायकमंडळात पियानो वाजवते. म्हणजे दर गुरुवारी म्हाताऱ्यांना सुरात आणायचा प्रयत्न करते. नेस्टाचा नवरा इड्वल त्यातला खर्जाचा खांब. पेशानं वायरमन. निवृत्त झाल्यावर त्याला एक खूळ लागलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळा कॉम्प्युटर; पडदा नाही, कळा नाहीत. ती त्यानं नेस्टाच्या सँडविचच्या डब्यात बसवली, डब्याला भोकं पाडली, आणि तार जोडली जुन्या ग्रामोफोनच्या स्पीकरांना. आता फोनवर गाणं दाबायचं, की पुढच्या खोलीतले स्पीकर गाणार. डबा गेला म्हणून नेस्टानं आठवडाभर त्याला उपाशी ठेवायची धमकी दिली.

त्या डब्यावरून त्यांचं आणखी एक भांडण झालं. आमच्याकडे भिंतीतल्या प्रत्येक प्लगला खटका असतो, आणि घराबाहेर पडताना, झोपताना, एकूणएक खटका बंद करायचा ही आम्हांला आयांनी दिलेली शिस्त. किटली बंद, टोस्टर बंद, टीव्ही बंद. नेस्टा तर खटके मोजत घरभर फिरते. पण त्या डब्याची वीज अशी फटकन तोडली की आतलं नखाएवढं कार्ड बिघडतं आणि डबा मुका होतो. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा इड्वलनं खटक्यावर काळी चिकटपट्टी लावली. “नेस्टा, घर जाळ, पण याला हात लावू नकोस!”

जानेवारीत इड्वल गेला. छातीत कळ आली आणि रुग्णवाहिका डोंगर चढेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे दफनाच्या आदल्या दिवशी त्याला पुढच्या खोलीत ठेवलं. पुढची खोली म्हणजे आमच्या घरांतली सोवळ्यातली खोली. तिथं बसतो पाद्री, किंवा मग शवपेटी. माणसं गेली, नेस्टानं पडदे ओढले, दार लावलं, आणि त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. सगळ्या घराचे खटके ती बंद करत राहिली. आतल्या त्या एकाला सोडून.

मार्चमध्ये एक दिवस दुपारी ती माझ्याकडे आली. अंगात घरातलाच ॲप्रन, पायांत सपाता, बाहेर गारा पडत होत्या. चेहरा बघून मी तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही. चहा दे.”

चहा मी तिच्यापुढे ठेवला. मी तिचे हात धरले, तर थंडगार. मग म्हणाली, “रोन, मी सांगते ते कुणाला सांगायचं नाही. डेलिथला तर मुळीच नाही.” डेलिथ ही तिची मुलगी, कार्डिफला असते. येत्या रविवारी ती येणार होती, आणि ‘आई, आता एकटी कशाला राहतेस’ हे पालुपद दर फोनवर चालूच होतं.

“इड्वल बोलतो,” नेस्टा म्हणाली.

“स्वप्नात ना? माझाही नवरा गेल्यावर बोलायचा. जिवंतपणी बोलला नाही तेवढा.”

“थट्टा नको गं! भरदुपारी. पुढच्या खोलीतून. आधी सूर येतो, मग तो खर्जात काहीतरी गुणगुणतो, आणि मग म्हणतो, ‘आत ये’. परत गुणगुणतो. परत ‘आत ये’. मी परसात पळते, कोळशाच्या खोलीत जाऊन कान दाबून बसते.” तिची बोबडी वळत होती. “आणि रोज आवाज वाढतोय. पहिल्यांदा वाटलं भास आहे. काल ओरडला तो. ‘आत ये की!’”

माझ्या अंगावर काटा आला, पण तो भुताचा नव्हता. मला तिची आई दिसली. मनात म्हटलं, झालं, सुरू झालं. मैत्रीण समोर बसलीय आणि मी तिच्याकडे पाद्र्यासारखं बघतेय! लाज वाटली मला, पण वाटायचं ते वाटलंच.

“आईचंसुद्धा असंच सुरू झालं,” तिनंच सांगून टाकलं. “तिला बाबांचे बूट ऐकू यायचे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. मधल्या बोळात उभं राहायची माझीही हिंमत नव्हती. घड्याळ टिकटिकतंय, आम्ही दोघी दाराकडे बघतोय. काही नाही. चार वाजले, बेदाण्याचा पाव संपला, तरी काही नाही. नेस्टाला हायसं वाटायला हवं होतं, तर ती जास्तच खचली. “बघ. तू असलीस की येत नाही. म्हणजे माझ्या डोक्यातच आहे.” मी तिला उडवून लावलं, पण घरी येऊन जेवण गेलं नाही. रविवारी डेलिथ आली की काय बोलायचं, याची मीच मनात उजळणी करत होते. वचन दिलेली बाई मी!

शनिवारी परत गेले. भांडी पुसत होतो, तेवढ्यात भिंतीतून आल्यासारखा पियानोचा एक सूर आला. पाठोपाठ इड्वल.

देवाशपथ सांगते, माझ्या हातातली बशी खाली पडली. तोच आवाज, तेच घसा खाकरणं. इतका मोठा की कपाटातले पेले किणकिणले. नेस्टा भिंतीला चिकटून उभी, ओठ पांढरे. “ऐकलंस? रोन, तू ऐकलंस?”

“ऐकलं.”

“आत ये!” इड्वल म्हणाला.

नेस्टा परसाकडे धावली. मीही धावणार होते, खोटं कशाला बोलू? पण पाय जागचे हलेनात, म्हणून थांबले. थांबले म्हणून पुढचं ऐकलं. इड्वल गुणगुणला, त्यानं चार मात्रा मोजल्या, आणि खेकसला, “आत ये की रे! ए दुसरी बस! पुन्हा चुकलास!”

तिथं माझं डोकं ताळ्यावर आलं.

आमच्या मंडळात ‘आत ये’ म्हणजे खोलीत ये नव्हे. आपली ओळ आली की सूर लावायचा, त्याला आम्ही आत येणं म्हणतो. वर्षानुवर्षं मी पियानोवरून तेच ओरडतेय. आणि अख्ख्या खोऱ्यात दुसरी बस एकच: मॉर्लाइस. नेस्टाच्या भिंतीला भिंत लागून राहतो. पहिली बस कधी पकडली नाही, आणि गाण्यात कधी वेळेवर आत आला नाही, म्हणून ते नाव.

मी तशीच शेजारी गेले. दार उघडंच होतं. मॉर्लाइस त्याच्या पुढच्या खोलीत कोटबिट घालून खुर्चीच्या टोकावर बसला होता. एका हातात फोन, दुसरा हात कानामागे. समोर टेबलावर तसाच सँडविचचा डबा, इड्वलनंच करून दिलेला. खोलीत चिडीचूप. आणि म्हातारा रडत होता.

“मॉर्लाइस! काय चाललंय?”

“माझे कान गेले, रोन.”

“मग माझं कसं ऐकू आलं?”

“तेच तर कळत नाही! बोललेलं येतं, संगीत नाही येत. आबांचं खाणीत असंच झालं होतं, आधी एक जातं, मग दुसरं. परवा दुपारभर डॉक्टरांकडे बसलो होतो, ते म्हणतात कान उत्तम आहेत. डॉक्टर तोंडावर सांगतात थोडंच! आवाज पूर्ण वाढवलाय बघ, तरी काही नाही. मी मंडळ सोडतोय. चिठ्ठी लिहून ठेवलीय.”

मग हळूहळू बाहेर आलं. मॉर्लाइसला स्वरलिपी वाचताच येत नव्हती. इतकी वर्षं वही धरून उभा राहायचा तो निव्वळ शोभेला. इड्वलला कळलं, तर त्यानं कुणाला सांगितलं नाही. बागेतल्या शेडमध्ये बसून मॉर्लाइसची ओळ एकट्याची गाऊन त्याच्या फोनमध्ये भरून ठेवली, तो कुठे चुकणार तिथल्या ओरडण्यासकट, म्हणजे म्हाताऱ्यानं ऐकून पाठ करावी. आणि फोनवर? मी फोन हिसकावून घेतला. गाणं कुठल्या डब्यावर वाजवायचं त्या यादीत ‘पुढची खोली’, एवढंच नाव.

“आधी अशी दोन नावं होती,” मॉर्लाइस नाक पुसत म्हणाला. “त्याच्या डब्यातल्या कार्डावरून माझं कार्ड उतरवलं ना त्यानं, म्हणून नाव तेच, आणि नेटही त्याच्याच घरातलं. म्हणाला, वरचं तुझं, खालचं माझं, नाव उद्या बदलतो. नंतर एकच राहिलं. तेच वर आलं. मग तेच दाबतो.”

मी त्याच्या डब्याकडे पाहिलं. “याचा खटका रोज बंद करतोस का रे?”

“करणार नाही तर काय? घर जाळू?”

मी कपाळाला हात लावला. त्याचा डबा केव्हाच मुका झाला होता. यादीत उरला होता तो नेस्टाचा. हा इकडे दाबत होता, तिकडे इड्वल बोलत होता. हा बहिरा झालो म्हणून आवाज वाढवत होता, ती वेडी झाले म्हणून कोळशात लपत होती. मध्ये एक वीतभर भिंत, आणि दोघंही तोंड शिवून बसलेली. मला असा संताप आला की मी त्याला बाहीला धरून फरफटत नेस्टाकडे नेलं.

नेस्टा परसदारी उभी होती, ॲप्रनला कोळसा लागलेला. मी धाडधाड सगळं सांगितलं. मॉर्लाइस टोपी चुरगळत म्हणाला, “माफ कर गं नेस्टा. तो मला ओरडत होता. मी आत यायला चुकतो ना.”

ती हसेल असं मला वाटलं. घर वाचलं होतं, डोकं वाचलं होतं, उद्या डेलिथसमोर ताठ मानेनं बसायला ती मोकळी होती. ती स्टुलावर खाली बसली. मॉर्लाइसकडे वळली.

“म्हणजे मला बोलवत नव्हता तो?”

एवढं घाबरून पळत होती बाई, आणि मनात धरून काय बसली होती! मॉर्लाइस तोंड उघडून पुन्हा मिटत होता. त्याला सवयीप्रमाणे उशीर झाला. मग त्यानं खिशातून फोन काढला, जाड बोटानं दाबला, आणि बोळापलीकडून बंद दारामागे पियानोचा सूर आला.

“मी काही वेळेवर आत जात नाही,” तो म्हणाला. “तू जा.”

नेस्टा उठली. हात ॲप्रनला पुसले. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती उभी राहिली. आत इड्वल मात्रा मोजत होता. “आत ये,” तो म्हणाला, आणि तिनं दार ढकललं.