भर दुपारची मोजणी

मोजणीदारानं मागचं मैदान बिल्डरला विकलं, अशी आवई गल्लीत उठली आणि आठवडाभर सगळ्यांच्या चहाला चव आली. बातमी अर्थातच खोटी. ज्याला घरची रद्दी विकायलाही बायकोची परवानगी लागते, तो सरकारी मैदान काय विकणार? पण हा बाबा कानावर हात ठेवायचं सोडून मान खाली घालून जिना चढायचा. मग लोकांचं आणखीच फावलं.

सरकारी जमिनींचे नकाशे करणं ही त्याची नोकरी. मोजायला तो नेहमी भर दुपारी जायचा. त्या वेळी दुर्बिणीच्या आड कुणी येत नाही, काम झटपट उरकतं. उन्हात चिटपाखरूही नसायचं, म्हणून नकाशावर तो इमानेइतबारे लिहायचा, ‘वापर नाही’. त्यावर साहेबांची सही व्हायची आणि यथावकाश तिथे इमारत उभी राहायची. तळ्याकाठची जागा अशीच गेली. त्याच्या मनाला कधी टोचलं नाही.

यंदा मैदानाची पाळी आली. तेही दुपारीच मोजून, तेच दोन शब्द लिहून तो कधी नव्हे तो लवकर घरी आला. घरात आई दिसेना.

“मैदानात गेल्यात, रोजच्यासारख्या,” बायको म्हणाली. “अहो, उजेडी घरी आलात तर कळेल ना!”

खिडकीतून बघतो तर मैदान फुललेलं. मुली धावत होत्या, कुणी सायकल शिकत होतं, आणि कडेकडेनं काठी टेकत आईच्या फेऱ्या चालल्या होत्या.

“इतक्या गर्दीत कशाला जातेस?” आई परतल्यावर त्यानं विचारलं.

“मग जाऊ कुठे? तळ्याकाठी जायचे, तर तिथला पहारेकरी आता हटकतो. कुणा मेल्यानं ती जागा घालवली, देव जाणे!”

तो मेला समोरच बसला होता.

नकाशा अजून सहीला जायचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुर्बीण घेऊन मैदानात उभा राहिला, आणि गल्लीतली ती आवई उठली ती इथूनच.

“आत्ता उजाडलं होय रे तुला?” आईनं जाता जाता टोमणा मारला.

सारखं कुणी ना कुणी आड येत होतं, आणि तो मुकाट्यानं एकेक पायवाट, एकेक बाक नकाशावर चढवत होता.

साहेब नवा नकाशा बघून उखडले. “दुपारी जागा रिकामी होती ना? मग तसंच लिहा!”

इतकी वर्षं नुसती मान डोलावणारा मोजणीदार म्हणाला, “साहेब, रात्री आपलं ऑफिसही रिकामंच असतं. त्यावरही ‘वापर नाही’ लिहू?”