अभद्र बोलू नये

आमच्याकडं वाईट गोष्ट तोंडातून काढत नाहीत. "पडशील" म्हणायचं नाही, "सांभाळून जा" म्हणायचं. वास्तुपुरुष सारखा तथास्तु म्हणत असतो, आणि नेमकं आपण अभद्र बोलायला आणि त्यानं तथास्तु म्हणायला एकच गाठ पडते. हे लहानपणापासून इतकं कानावर पडलंय, की घाबरले की माझे आधी ओठ मिटतात. एरवी माझं तोंड कसं चालतं ते आमच्या आळीत विचारा.

नसरापूरजवळच्या एका शेडमध्ये मी प्रेसवर कामाला होते. काम सोपं. पत्र्याची पट्टी साच्यात ठेवायची, हात काढायचा, पायानं पायडल दाबायचं. मग वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो आणि पट्टीला आकार येतो. पायडल दाबल्याशिवाय ठोकळा येत नाही, याच भरवशावर आम्ही त्याच्याखाली हात घालायचो. सकाळच्या पाळीला त्या प्रेसवर मी, दुपारच्या पाळीला माझी धाकटी जाऊ.

त्या दिवशी पट्टी ठेवली, हात मागं घेतला, घाम पुसायला पदर उचलला, आणि ठोकळा खाली आला. माझे दोन्ही पाय फरशीवर होते, पायडलवर नव्हते. आवाज रोजचाच. बोटं मुठीत घट्ट धरून मी नुसती बसून राहिले.

सुपरवायझरला हाक मारली. पोरगा भला, पण सदा घाईत.

"लागलं का?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं चार-पाच वेळा पायडल दाबून बघितलं. प्रेस शहाण्या सुनेसारखी वागली.

"तुमचाच पाय लागला असंल, मावशी."

"माझा पाय मला कळत न्हाई व्हय रं?" मी फणकारले. पण तो गेल्यावर माझं मलाच वाटायला लागलं, खरंच लागला असेल का?

शेजारच्या यंत्रावर एक वयस्कर बाई होत्या. त्यांना सांगायला गेले, "आत्ता माझा हात गेला असता बघा..."

"थू थू थू! अभद्र बोलू नगं. देवानं राखलं न्हवं? मग गप ऱ्हा. शनिवारी यंत्राला नारळ फोडू."

मी माझ्या प्रेसवर परत आले. उरलेली पाळी पट्टी लांबूनच सरकवत, विस्तवात हात घालावा तसा मागं घेत काढली. काम निम्मंसुद्धा झालं नाही.

दुपारी जाऊ आली. डबा फळीवर ठेवला, बांगड्या वर सारल्या, स्टुलावर बसली. "अक्का, निघा की. तुमची टमटम जाईल."

आता सांगायला हवं होतं, आणि मला बोलवेना. काय सांगू? तुझा हात तुटेल? आणि माझ्या तोंडून निघालं तेच खरं झालं तर? तिचं लेकरू अजून मांडीवरचं. त्याला भरवायला, न्हाऊ घालायला आईचे हातच लागतात. न सांगावं तर हात जाणार, सांगावं तर माझ्या जिभेनं जाणार. देवा रे, काय ती वेळ! तेवढ्यात तिनं पट्टी उचलली आणि तिचा हात ठोकळ्याखाली गेला.

मी भिंतीवरचा मेन खटका खाली ओढला.

"हात काढ! तुटंल हात तुझा, तुटंल! आपोआप येतीया ती!"

एवढं अभद्र मी जन्मात बोलले नव्हते. सगळ्या बायका जागच्या जागी थबकल्या. सुपरवायझर तणतणत आला. "मावशी, काय लावलंय हे?"

"मिस्त्री बोलव. तवर ह्या स्टुलावर मी कुणाला बसू देणार न्हाई. काढायचं तर कामावरनं काढ मला." शब्द फटकळ होते, पण आवाज रडवेला झाला होता.

मिस्त्री आला. त्यानं बाजूचं झाकण उघडलं, ठोकळा अडवून धरणारी आतली स्प्रिंग ओढून काढली आणि सुपरवायझरच्या तळहातावर ठेवली. तुटलेली होती. तुटलेल्या जागी गंज चढला होता, म्हणजे आजची नव्हे, केव्हाची तुटलेली. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

मी जावेकडं वळले. ती पदरात तोंड घालून रडत होती. मला वाटलं, घाबरली बिचारी.

"अगं, वाचलीस न्हवं? आता कशाला रडतीस?"

"अक्का, गेल्या हप्त्यात माझ्यावर दोनदा आलीया ती."

"आणि बोलली न्हाईस?"

"सकाळच्याला तुमी बसता हितं. तुमच्या हाताचं वाईट माझ्या तोंडानं कसं काढू? रोज हितं येऊन तुमचे हात बघेस्तोवर माझ्या जिवात जीव नसायचा."

सगळा आठवडा मी त्या ठोकळ्याखाली बिनघोर हात घालत होते, आणि तिकडं घरी ती माझ्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती.