विहिरीपलीकडची चाल

शेषगिरीला मी ओळखत होतो असे म्हटले तर ते खोटे ठरेल. कित्येक वर्षे तंजावरात आमची घरे समोरासमोर होती आणि त्याच्याकडची कॉफी मी असंख्य वेळा प्यालो, पण त्याच्या मनात काय चाले ते मला कधी कळले नाही. तो जाऊन आता बरीच वर्षे झाली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्याच्यावर काहीतरी लिहा, चार चांगल्या गोष्टी लिहा, असे मला सांगण्यात आले. मला लिहिण्याची सवय नाही आणि चांगली गोष्ट मला एकच आठवते. तीही त्याने स्वतःच्या हाताने मातीत घातली.

विम्याच्या कचेरीत तो कारकून होता. लहानपणी तिरुचीच्या एका मिशन शाळेत पियानो शिकला होता. पुढे तिरुचीजवळच्या पोन्मलै रेल्वे वसाहतीतले एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा त्यांचा जुना उभा पियानो त्याने घेतला. आमच्या गल्लीत अशी वस्तू दुसऱ्या कोणाकडे नव्हती आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. शाळेत शिकलेले तेच पाच-सहा तुकडे तो वर्षानुवर्षे वाजवी. वाजवायला बसताना रस्त्याकडच्या खिडक्या उघडी आणि हात अडखळला की उठून त्या लावून घेई. खिडकी लागली की आम्ही हसायचो.

बायको लवकर गेली होती. घरात तो आणि मुलगी वासुकी, दोघेच. घरोघर केबल टीव्ही येऊ लागला त्या सुमारास तिच्या मामाने चेन्नैहून तिला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला. पडद्यावर एक बुटका गडी धावे, झाडांवरची फळे खाई आणि विहिरींवरून उड्या मारी. खेळ चालू असेतो यंत्रातून एक चाल वाजत राही. पहिले काही दिवस शेषगिरी ओरडला. मग टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसला.

तेव्हाच त्याने ती चाल एकट्या पियानोवर उतरवायचे मनावर घेतले. काम सोपे नव्हते एवढे मलाही कळले. यंत्रात एका वेळी तीन सूर आपापल्या वाटेने चालत आणि मागे ढोलाऐवजी एक फुसफुस असे. त्याचे हात दोनच. वरचा सूर उजव्या हाताच्या करंगळीकडे, खालचा डाव्या हाताकडे आणि मधला कधी या अंगठ्याला, कधी त्या. यंत्राचा सूर लांबवला तरी तसाच भरलेला राही. पियानोचा मात्र वाजताक्षणी विरू लागे, म्हणून तो त्याला पुन्हा पुन्हा छेडावा लागे. फुसफुशीचे काहीच करता येईना. ती त्याने सोडून दिली.

हे सगळे ऐकायचे तर कोणीतरी खेळायला हवे. ते काम वासुकीचे.

“अप्पा, उडी मारू का?”

“नको. तेथेच उभी राहा. खालचा सूर ऐकू दे.”

“राक्षस येतोय!”

“येऊ दे. मर. पुन्हा सुरू कर. आणि फळं खाऊ नकोस, प्रत्येक फळाला टुंय होतं, माझा मधला सूर बुडतो.”

“फळं खाल्ली नाहीत तर जीव वाढत नाहीत, अप्पा.”

“तुझ्या जिवांशी मला काय करायचंय?”

यावर पोरगी खो खो हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, पाहिलंत? गड्याला मारून मारून आमचं संगीत चाललंय.”

त्या दिवसांत मी त्या घरात खुशीने जाई. खिडक्या बंद असत आणि तो तासन्‌तास वाजवी. एकदा माझ्यासमोर त्याने तिला कबूल केले, “लोकांपुढे वाजवीन तेव्हा सांगेन, चाल हिच्या खेळातली आणि अर्धं काम हिचं.” वासुकी म्हणाली, “विसराल.” तो म्हणाला, “विसरेन कसा?”

एक अडचण राहिली. त्या चालीला शेवटच नव्हता. यंत्रात ती फिरून फिरून सुरू होई आणि गडी विहिरीत पडला की मधेच तुटे. आमच्याकडे शेवटचे मंगलगीत, मंगलम्, झाल्याशिवाय गाण्याची कचेरी, म्हणजे मैफल, संपत नाही, ऐकणारा जागचा उठत नाही. म्हणून शेषगिरीने शेवटी मंगलम्‌च्या चार ओळी जोडल्या. वासुकीला ते फार आवडले. गडी एकदाचा घरी पोचला, असे ती म्हणाली.

त्याच वर्षी हिवाळ्यात पुण्याहून पाहुणे आले. तंजावरचे मराठी कसे असतात ते पाहायला अशी माणसे अधूनमधून येतात. आपण तोंड उघडले की “अय्या, किती गोड बोलता!” म्हणतात, जसे लहान मुलाने कविता म्हटल्यावर म्हणावे. आमचे लोकही मग घरातले जुने शब्द शोधून शोधून त्यांच्यापुढे ठेवतात. मंडळाचे वडीलधारे कल्याणराम सर्वांना घेऊन शेषगिरीच्या घरी आले. जमखान्यांवर वीसेक माणसे बसली. टीव्ही आणि गेम कोपऱ्यात धुतलेल्या चादरीखाली होते. वासुकीने परकरावर ओढणी अशी पावाडै-दावणी नेसून वेणीत मल्लिगैचा गजरा माळला होता.

त्याने वाजवले. चांगले वाजवले, हे मान्य केले पाहिजे. शेवटी मंगलम् आले तसे म्हाताऱ्यांचे हात आपोआप जुळले. कल्याणरामांचे डोळे भरून आले.

“शेषगिरी, ही राजवाड्यातल्या बँडची चाल का रे?”

त्याने फक्त नाही म्हणायचे होते. त्याने चादरीकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे.

“होय,” तो म्हणाला.

“अस्सल!” पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेपरेकॉर्डर पुढे सरकवला.

मग त्याला जोर आला. पणजोबा राजवाड्याच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत, ही चाल आमच्या घरात तोंडी चालत आली, वगैरे. त्याचे पणजोबा ओरत्तनाडूच्या अन्नछत्रात भात मोजत, हे तेथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होते. एकानेही ब्र काढला नाही. खोट्यात सगळ्यांचाच मान वाढत होता.

वासुकी कॉफीचे ताट घेऊन उभी होती. “ती चाल माझ्या...” एवढेच ती बोलली.

“आत जा,” शेषगिरी म्हणाला, “दूध उतू जातंय.”

दूध मघाशीच उतरवले होते. ती आत गेली.

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण बहुतेक जण दुसऱ्याचे स्वतःचे म्हणून सांगतात. याने उभ्या जन्मात एकच गोष्ट स्वतः केली, तीही मुलीबरोबर बसून, आणि तिचीच लाज वाटून ती भात मोजणाऱ्या मेलेल्या माणसाच्या नावावर लावली. असल्या माणसाची कीवही येत नाही.

पुण्याहून निरोप आला. पुढच्या थंडीत या, येताना राजवाड्यातल्या आणखी तीन-चार चाली घेऊन या. शेषगिरीने नवी धोतरे घेतली. चाली होत्या, नव्हत्या असे नाही. खेळात प्रत्येक टप्प्याला वेगळी चाल होती. पण त्या विहिरींच्या पलीकडे होत्या आणि तेथवर फक्त वासुकी पोचू शकत असे.

“वासुकी, जरा बैस ना. दुसऱ्या टप्प्यापर्यंत.”

“पणजोबांना विचारा,” ती म्हणाली आणि अभ्यासाचे पुस्तक उघडून बसली. पुन्हा तिने त्या खेळाला हात लावला नाही.

मी त्याला सांगितले, “पुण्याला एक ओळ कळव. खेळातली चाल होती म्हणून.”

“कल्याणराम काय म्हणतील?”

“मग निदान तिची तरी माफी माग.”

“बाप मुलीची माफी मागतो काय, सीतारामा?”

आणि तो स्वतः खेळायला बसला. ते दृश्य पाहण्यासारखे होते. कचेरीतून यायचा, शर्ट न काढता टीव्हीपुढे बसायचा आणि पहिल्याच विहिरीत पडायचा. उडी मारताना गड्याबरोबर हा खुर्चीतून अर्धा उठे. वासुकी मागून जाई-येई, पाही, पण कोणते बटण कधी दाबायचे ते सांगत नसे. सगळा उन्हाळा तो त्या विहिरीत पडत राहिला. थंडी आली आणि गेली. पुण्याला तो गेला नाही. प्रकृतीचे कारण कळवले. वासुकी तिरुचीच्या कॉलेजात गेली, वसतिगृहात राहिली आणि सुट्टीतही चेन्नैला मामाकडे जाऊ लागली. पियानो मुकाच होता, खिडक्या उघड्या असोत की बंद.

शेवटचा तो मला जुन्या बसस्टँडवर भेटला. मी तोवर पापनाशमला राहायला गेलो होतो, तिकडच्या बसमधून उतरत होतो. त्याच्या काखेत पिशवी होती आणि पिशवीतून त्या गेमची काळी वायर लोंबत होती. तो वासुकीची माफी मागायला निघाला होता की तिच्याकडे चाली मागायला, ते मला कळले नाही. चालीच असाव्यात असे तेव्हा वाटले, आजही वाटते.

“तिरुचीची बस कोठे लागते रे आता?”

“त्या पलीकडच्या खांबाशी.”

“गर्दी असते?”

“या वेळेला नसते. वायर आत घाल, कोठेतरी अडकेल.”

“सरी,” तो मान डोलवत म्हणाला, “येतो.”